अक्राणीतले नऊ पक्षी

चित्रकाराकडे पाठवायचा पक्षी मी टिपकागदात घट्ट गुंडाळला आणि पेटीत घातला. पेटी आखूड निघाली. दुसरी मिळेपर्यंत दोन दिवस गेले. गुंडाळी सोडली तर कागदाच्या आत पक्ष्याच्या पाठीचा ठसा उमटला होता. फिकट तपकिरी, पण स्पष्ट.

वाळलेल्या पक्ष्याचा ठसा उठायला नको. पिसांचा रंग पिसांतच असतो, वरून लावलेला नसतो. मी कापसाचा बोळा बेंझिनमध्ये बुडवला आणि पक्ष्याच्या पाठीवरून एकदाच फिरवला. बोळा काळपट झाला. मग शेजारच्या कपाटातला, कारवारकडून आलेला तसलाच पक्षी काढला आणि नव्या बोळ्याने पुसला. तो बोळा जवळजवळ पांढरा राहिला.

मी खुर्चीवर बसले. हा पक्षी मीच सोलला होता. त्याच्या बरोबरचे आठही मीच. आणि या नऊ पक्ष्यांच्या रंगावर आमच्या आगटेसाहेबांचा लेख उभा होता. लेखाची प्रुफं पलीकडच्या टेबलावर पडली होती.

माझं काम थोडक्यात सांगते. मुंबईच्या एका म्युझियममध्ये मी पक्ष्यांच्या स्किन्स तयार करते. स्किन म्हणजे काचेच्या कपाटात फांदीवर बसवलेला पक्षी नव्हे. तो बघायला येणाऱ्यांसाठी असतो. अभ्यासाचा पक्षी साधा. पोटावर एक चीर द्यायची, मांस आणि हाडं काढायची, आतून आर्सेनिकचा साबण लावायचा, कापूस भरायचा, टाके घालायचे आणि पंख अंगाशी घेऊन उताणा वाळवायचा. पायांना लेबल बांधायचं. लेबलावर गाव, तारीख, नर की मादी, डोळ्याचा रंग, कोणी मिळवला. असे पक्षी ड्रॉवरमध्ये ओळीने ठेवतात. हे काम मी वडिलांकडून शिकले. नवरा वारला तेव्हा वडिलांची नजर गेली होती आणि म्युझियमला हात हवे होते. बाईचे हात चालतील का, यावर दोन मीटिंगा झाल्या. चालले.

आगटे आमचे असिस्टंट क्युरेटर. कारकून म्हणून लागले आणि पक्षी शिकत शिकत तिथवर आले. एकोणतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी नाव ठेवलेल्या पक्ष्यांची यादी केली होती. स्वतः एकाही पक्ष्याला नाव दिलं नव्हतं. पेन्शनला सव्वा वर्ष राहिलं होतं, तेव्हा हे नऊ पक्षी आले.

पक्षी दिसायला काहीच नाही. सातभाईच्या कुळातला, पण चिमणीपेक्षा थोराड नसेल. डोकं राखाडी, पाठ तपकिरी, पोट मळकट पिवळसर. दाट जंगलात पाच-सहाच्या टोळीने फिरतो. शीळ मात्र अशी गोड की माणूस चालता थांबतो. इंग्रज त्याला क्वेकर बॅबलर म्हणतात. क्वेकर हा त्यांच्यातला साध्या करड्या कपड्यांचा एक पंथ. आपल्याकडे शहरात याला नाव नाही, कारण तो शहरात येत नाही.

हा पक्षी सह्याद्रीत आहे, मेळघाटात आहे, पार ब्रह्मदेशापर्यंत आहे. जात एकच. पण वेगवेगळ्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या राहून रंगात थोडा फरक पडतो. कुठे डोकं जास्त राखी, कुठे पाठ जास्त तांबूस. फरक पक्का असेल तर त्या डोंगरातल्या पक्ष्यांना पोटजात म्हणतात आणि वेगळं लॅटिन नाव देतात. सगळा कारभार छटेचा. खिडकीशी, उत्तरेच्या उजेडात, पक्षी शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

आगट्यांनी तसंच बघितलं होतं. पश्चिम खानदेशातल्या अक्राणीच्या डोंगरांतले आमचे नऊ पक्षी कारवारच्या पक्ष्यांपेक्षा गडद होते. मेळघाटच्या पक्ष्यांपेक्षाही गडद होते. डोक्याचा राखी रंग मातकट होता. सगळ्या नऊंचा. एखाददुसरा असता तर गोष्ट वेगळी. नऊच्या नऊ म्हणजे सिरीज झाली. आगट्यांनी चार महिने मापं घेतली आणि लेख लिहिला. नाव ठेवलं अक्राणीवरून. एका परदेशी विद्वानाचं कौतुकाचं पत्र आलं. ते पत्र आगटे खिशात ठेवत. सदरा बदलला की पत्रही नव्या खिशात जाई.

मी प्रुफांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, अक्राणीचे पक्षी धुरकटलेत."

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

मी दोन्ही बोळे समोर ठेवले. त्यांनी बोळे बघितले, मग मला.

"कुठे लागला धूर?"

"वेस्ताच्या घरी. मी चुलीवर वाळवले होते."

"किती दिवस?"

"सहा. कुणाकुणाला सात."

"लेबलावर का नाही लिहिलं?"

"लेबलावर तशी जागा नसते."

हे खरंच होतं. पक्षी कसा वाळवला ते कोणी लिहीत नसे. कारण तो उन्हात ठेवू नये आणि वाऱ्यावर ठेवावा, हे कोणालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

झालं असं होतं. आदल्या वर्षी भाद्रपदात आम्ही दोघं अक्राणीत गेलो होतो. धडगावला पोचलो आणि आगट्यांना हिवताप भरला. ते डाकबंगल्यात घोंगडीखाली पडले. मी पुढे चार कोसांवर वेस्ताच्या पाड्यावर गेले. वेस्ता पावरा, त्या डोंगरांतला आदिवासी. घोड्याच्या केसांचे फास लावून पक्षी धरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पावसाने उसंत घेतली की तो जाई आणि एखाददुसरा पक्षी जिवंत आणून माझ्या हातात देई. पण पाऊस सरायचं नाव घेईना. सोललेला पक्षी वाळेना. ओल राहिली की कातडी कुजते आणि पिसं हाताला येतात. पहिले दोन तसे गेले.

वेस्ताची बायको सायकी. तिला माझं काम म्हणजे चेष्टा वाटे. "मांस फेकते आणि पीस ठेवते," ती शेजारणींना सांगे, "एवढी मोठी झाली, पण हिला खायचं कळत नाही." माझे कुजलेले दोन पक्षी बघून तिने वर बोट केलं. चुलीच्या वर, आढ्याला, मक्याची बियाण्याची कणसं टांगलेली होती. पावऱ्यांची ही रीत. धुरात कणसाला कीड लागत नाही, बी पुढच्या पेरणीपर्यंत टिकतं. खाली चूल दिवसभर धुमसत असते.

"तिथे ठेव," ती म्हणाली. "मका राहतो, तुझं पाखरू नाही राहणार?"

मी कणसांच्या शेजारी सूप टांगलं आणि पक्षी त्यात ओळीने ठेवले. उत्तम वाळले. ना बुरशी, ना किडा. धडगावला परतल्यावर आगट्यांना दाखवले तेव्हा ते अंथरुणात उठून बसले. म्हणाले, पावसाळ्यात इतक्या चांगल्या स्किन्स मी कोणाच्या बघितल्या नाहीत. मला बरं वाटलं. मी हुशारी सांगितली नाही. सांगितली असती तर ते मुळातच सावध झाले असते. वास येत होता, पण तिथे माणसांपासून घोंगडीपर्यंत सगळ्यालाच धुराचा वास. मुंबईला आल्यावर डांबराच्या गोळ्यांनी तो झाकला.

आता प्रश्न असा, की धुराचा रंग किती आणि पक्ष्याचा किती. आगटे म्हणाले, "धुऊन बघू."

एक धुतला. पाठ उजळली, पण कारवारइतकी नाही. मग मी कारवारचा एक धुतला. तोही जरा उजळला. धूर नुसता वर बसत नाही. लाकडाच्या धुरात चीक असतो, तो पिसात मुरतो. काजळी निघते, पिवळेपणा निघत नाही. तीन दिवस आम्ही धूत होतो, पिठात घोळून वाळवत होतो, खिडकीशी ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी आगटे म्हणाले, "बाई, यातून सिद्ध काहीच होत नाही. पोटजात आहे हेही नाही, नाही हेही नाही."

"ताजे पक्षी आणायला हवेत."

"हवेत."

संपादकांना त्यांनी पत्र लिहिलं की लेख महिनाअखेरपर्यंत थांबवा. खुलासा केला नाही. क्युरेटरसाहेबांना सांगितलं की आणखी सिरीज हवी आहे. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, काडतुसं नाहीत. तरी परवानगी मिळाली. बहुतेक त्या परदेशी पत्रामुळे.

फाल्गुनात नंदुरबारला उतरलो. पुढे शहाद्यापर्यंत जी मिळाली ती गाडी. शहाद्याहून वर जायला जंगल खात्याने एक नाकेदार बरोबर दिला, दगाजी नाना. कोरीटचा शेतकऱ्याचा मुलगा, नोकरीला वीस वर्षं झालेली. तब्येतीने गलेलठ्ठ, पण घाट चढताना आमच्या पुढे.

"बाई, कथा चालनात तुम्ही?" त्याने पहिल्याच चढावर अहिराणीत विचारलं.

मी पाड्याचं नाव सांगितलं.

"तठे कसाले?"

"पक्षी बघायचेत."

तो थांबला. आगट्यांकडे बघितलं, त्यांच्या बंदुकीकडे बघितलं. "साहेब, तठे आते पक्षी नहीत. कोयसाना भट्ट्या शेतस. बठ्ठं तोडी टाकं."

"कोणी?" आगट्यांनी विचारलं.

"कंत्राटदारनी. मोटारी कोयसावर चाली ऱ्हायन्यात ना? मंग कोयसा कोठून येस? मन्हा नाक्यावरून रोज गाड्या उतरतस. मीच पास फाडस." तो हसला. "तुम्ही बी मुंबईले ज्या मोटारीमा बसनात, ती आमनंच जंगल खाई ऱ्हायनी."

पेट्रोलच्या टंचाईत मोटारींच्या मागे कोळशाची शेगडी बसवत, तिच्या गॅसवर मोटार चाले. आम्ही शहाद्याला तसल्याच मोटारीतून आलो होतो.

आगटे म्हणाले, "सगळं तोडलं नसेल. ओढ्याकाठचं तोडत नाहीत."

दगाजी पुढे चालायला लागला.

ओढ्याकाठचंही तोडलं होतं. मी ज्या खोऱ्यात आदल्या वर्षी दुपारी कंदील लावून काम केलं होतं, इतकी दाट सावली, तिथे आता उभ्याने पलीकडचा डोंगर दिसत होता. बुंधे गुडघ्याएवढे. जागोजागी मातीने लिंपलेले ढीग, त्यांच्या भोकांतून धूर. खाली लाकूड जळत नाही, धुमसतं. चार-पाच दिवसांनी उकरलं की कोळसा. सगळ्या खोऱ्यात धूर आडवा पसरलेला.

वेस्ता भट्टीवरच भेटला. अंगभर काळा. आमच्याशी तो बाजारातली मोडकी मराठी बोले.

"बाय, तू परत आली? पाखरू पाहिजे?"

"तेच पाहिजे. मागचं. शीळ घालणारं."

"ते नाय आता."

"कुठे गेलं?"

त्याने माझ्याकडे मूर्ख ठरवणाऱ्या नजरेने बघितलं. "तुझं घर तोडलं तर तू कुठं जाशील?"

"दुसरीकडे."

"दुसरीकडे पण तोडलं." त्याने हातातला दांडा मातीवर आपटून एक भोक बुजवलं. "मी पण तोडलं. सायकीने पण तोडलं. रोज पैसा देतात."

तरी तो आला. दोन दिवसांचा रोज बुडवून आला, मग भट्टीच्या मुकादमाने धमकावलं म्हणून गेला, मग पुन्हा आला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा आठवडा होता, पाड्यावरची तरणी माणसं बाजाराच्या तयारीत. आम्ही तिघं आणि दगाजी, रोज सकाळी निघायचो. एक खोरं, दुसरं खोरं, तिसरं. आगटे प्रत्येक ठिकाणी वहीत लिहीत: जागा, वेळ, ऐकू आलं नाही. चौथ्या दिवसापासून नुसतं "नाही" लिहायला लागले. त्यांचा हिवताप पुन्हा डोकं वर काढत होता. क्विनीन होतं, पण मोजकं. सव्वीस तारखेला खाली उतरलं नाही तर संपादकांना तार जाणार नव्हती आणि लेख छापला जाणार होता.

आठव्या दिवशी वेस्ता म्हणाला, एक जागा आहे, उतरायला वाईट. खडकाच्या कपारीखाली ओढा, वर बांबू, वीसेक झाडं. कुऱ्हाड पोचली नव्हती, कारण लाकूड वर ओढून आणायला वाट नव्हती. आम्ही बसत, घसरत उतरलो. खाली थंड होतं. धूर इथेही होता. वरच्या भट्ट्यांचा धूर सकाळी खाली उतरून दुपारपर्यंत तिथेच साचून राही.

तासाभराने शीळ आली.

आगट्यांनी माझा दंड धरला. एरवी ते मला पेन्सिलसुद्धा टेबलावर ठेवून देत, हातात नाही. दोन पक्षी होते. बांबूत खालीवर करत होते. टोळी नव्हती, दोनच.

आगट्यांनी बंदूक उचलली, मग खाली घेतली.

"बाई, मारू?"

मी तिथे दयामाया करायला गेले नव्हते. नऊ मारून आम्ही एक प्रश्न निर्माण केला होता. तो सोडवायला दहावा लागत होता. "मारा," मी म्हणाले. "आणि दुसराही."

दुसरा उडाला. पहिला पडला, वेस्ताने शोधून आणला. बारीक छर्रा, नेम चांगला, पक्षी कुठे फाटला नव्हता. ताजा, गरम. मी तो पांढऱ्या रुमालावर घेतला, उजेडाकडे धरला. गडद होता. नक्की गडद. मेळघाटचा एक पक्षी आम्ही मुद्दाम बरोबर आणला होता. शेजारी ठेवला. आगट्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगत नाही.

मग मी कापूस काढला. काढायलाच हवा होता.

बोळा काळा झाला.

"हा पण?" आगटे म्हणाले. "हा तर जिवंत होता."

मी वेस्ताकडे बघितलं. त्याचे हात, मान, कानाच्या पाळ्या. मी माझ्या पदराकडे बघितलं. आठ दिवसांपूर्वी तो पांढरा होता. या धुरात जो राहतो तो काळा होतो. पक्षी त्या कपारीत दोन-तीन महिने राहत असणार, धुरकटलेल्या पानांत शिरत होता.

तिथेच ओढ्यावर साबणाने धुतला, पिठाने सुकवला. उजळला. मेळघाटपेक्षा गडद राहिला की नाही? आगटे म्हणाले, किंचित. मी म्हणाले, मला दिसत नाही. दगाजी म्हणाला, "मले तं दोन्ही सारखाच दिसतस." वेस्ताला विचारलं तर तो म्हणाला, मेलेला पक्षी बघून काय कळणार, शीळ ऐकायची. खालच्या जंगलातल्याची वेगळी, यांची वेगळी. ती कशी वेगळी, ते त्याने शीळ घालून दाखवलं. आम्हाला फरक कळला नाही आणि कळला असता तरी ड्रॉवरमध्ये ठेवता आला नसता.

आणि एका पक्ष्यावरून काही ठरत नाही. माणसांत जसा एखादा काळा, एखादा गोरा, तसं पक्ष्यांतही असतं. सिरीज हवी. दुसऱ्या पक्ष्यासाठी आम्ही तीन दिवस त्या कपारीत बसलो. पहिल्या दिवशी तो सकाळपासून शीळ घालत होता, एकाच जागेवरून. बांबूत खोल, दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी थोडा वेळ. तिसऱ्या दिवशी नाही.

वेस्ता म्हणाला, "साहेब, आता घरी जा."

सव्वीस तारखेला आम्ही नंदुरबार स्टेशनवर होतो. आगट्यांना ताप होता. बाकावर बसून त्यांनी तारेचा फॉर्म भरला, लेख मागे घेतो, छापू नये. चार-पाच शब्द. भरून झाल्यावर फॉर्म गुडघ्यावर ठेवून बसले. तारमास्तरची खिडकी दहा पावलांवर होती.

"ठोसरबाई," ते म्हणाले. एरवी नुसतं बाई म्हणत. "एक विचारतो. मागच्या वर्षी नऊ पक्षी तुमच्या हातात होते. धुरात ठेवायच्या आधी. तेव्हा तिथे भट्ट्या नव्हत्या, जंगल स्वच्छ होतं. वेस्ता जिवंत आणून देत होता. जगात ते पक्षी कोणी स्वच्छ बघितले असतील तर तुम्ही."

"हो."

"कारवारचे, मेळघाटचे तुम्ही शेकड्याने हाताळलेत. ताजे होते तेव्हा गडद होते का? पुरावा म्हणून नको. छापणार नाही. मला पुरे आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी ही तार देत नाही."

मी खरंच आठवून बघितलं. पाऊस आठवला. दोन कुजलेले पक्षी आणि त्यांचा वास. हातात घेतलेल्या प्रत्येकाची धडधड, आणि छाती अंगठ्याने दाबून ती थांबवणं. डोळ्याचा रंग मी लिहिला होता, कारण लेबलावर तो लिहायचा असतो. पाठीचा लिहिला नव्हता, कारण पाठ राहणारच असते. हा कुजायच्या आत सोलला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. नऊ पक्षी माझ्या हातातून गेले आणि मी एकाचाही रंग बघितला नाही.

हो म्हणणं सोपं होतं. खोटं ठरवणारं कोणी नव्हतं. पक्षी नव्हते, जंगल नव्हतं. आणि कदाचित ते खरंही असतं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

"थोडंसुद्धा?"

"नाही, साहेब."

त्यांनी मान हलवली, उठले, तार दिली.

पुढचं लवकर सांगते. तार पोचली, पण कागदाची टंचाई होती म्हणून छापखान्याने अंक आठ दिवस आधीच ओढला होता. लेख छापून आला. आमच्या शास्त्रात नाव एकदा छापलं की ते पुसता येत नाही. चुकलेलं नावही कायमचं राहतं, बरोबर नावाच्या खाली, बारीक टायपात. आगट्यांनी पुढच्या अंकात खुलासा दिला की कातडी वाळवताना धूर लागला असल्याने ही पोटजात संशयास्पद समजावी. कोणी वाळवली, ते लिहिलं नाही. संपादकांनी त्याच्या दोन ओळी केल्या. परदेशी विद्वानाचं पुढचं पत्र आलं नाही. ऑफिसात लोक चहा पिताना म्हणत, "आगटे, कपाच्या तळाशी बघा, गडद पोटजात दिसते." ते हसत. पेन्शनपर्यंत त्यांनी याद्या केल्या, दुसऱ्यांच्या पक्ष्यांच्या. दुसरा लेख लिहिला नाही. पेन्शननंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तापाने गेले.

मी क्युरेटरसाहेबांकडे गेले होते. म्हटलं, चूक माझी आहे, तसं छापा. ते म्हणाले, "बाई, लेखात तुमचं नाव नव्हतं. मग चुकीत कशाला?" त्यांना तो दयाळूपणा वाटला असावा.

दहाही पक्षी अजून ड्रॉवरमध्ये आहेत. त्यातल्या एकाला लाल लेबल आहे. ज्या पक्ष्यावरून नाव ठेवलं तो टाइप, आणि टाइप फेकायचा नसतो, चुकीचा असला तरी. मधूनमधून कोणी अभ्यासक येतो, खिडकीशी नेऊन बघतो आणि विचारतो, अक्राणीतून स्वच्छ सिरीज मिळेल का? मी सांगते, नाही.

शिकाऊ लोकांना मी आता एकच गोष्ट दटावून सांगते. पक्षी हातात गरम आहे तोवर त्याचा रंग लिहा. पाठीचा, पोटाचा, डोक्याचा. पाऊस असो, कुजायला लागलेला असो, आधी लिहा, मग सोला. ते विचारतात, पक्षी तर ठेवतोच आहोत, मग रंग लिहायचा कशाला? मी कारण सांगत बसत नाही. लिहून घेते.